मेधाने काढलेला जग्वार

शनिवार, संध्याकाळ. बर्मिंगहॅम

आज मंडळाच्या हॉलमध्ये आमच्या ब्राझील ट्रिपचे फोटो दाखवले. शेवटचा जग्वारचा, पाण्यातून थेट आपल्याकडे बघणारा. टाळ्या थांबेचनात. जोशीकाका म्हणाले, "डॉक्टर, हात थरथरला नाही का हो तुमचा?"

"सवय होते, काका."

का म्हणालो मी असं? तो फोटो मेधाने काढलाय, माझ्या बायकोने. पाणथळीतल्या अरुंद ओढ्यात आमची बोट उभी होती. जग्वार काठावरून पाण्यात उतरला आणि मी डोकं धरून बोटीच्या तळाशी बसलो. माझ्या हातून सुटलेला कॅमेरा तिने उचलला.

हॉलमध्ये ती दुसऱ्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती. तेच सारखं डोळ्यांसमोर येतंय, तिचं टाळ्या वाजवणं.

गाडीत म्हटलं, "अगं, मी सांगणारच होतो."

"छान बोललास तू," म्हणाली. बस्स, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर राहवेना. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "जग्वारचा फोटो मेधाचा आहे. मी घाबरून खाली बसलो होतो."

लगेच जोशीकाकांचं उत्तर: "वा डॉक्टर! बायकोला श्रेय द्यायला केवढं मोठं मन लागतं!" मग बाकीच्यांचंही तेच. कोणालाच खरं वाटत नाहीये.

मेधाही त्या ग्रुपवर आहे. शेजारच्या खोलीत तिचा फोन वाजतोय, माझ्या प्रत्येक कौतुकाला एकदा.