पाणी आम्हीच तोडलं

३ डिसेंबर १९८१
ड्रिलिंगवाले गेले एकदाचे. बांधाजवळ भोक पाडलं, त्यात लाकडाचा गुट्टा ठोकला, वरून माती लोटली, झालं. कोळसा पाहायला आले होते, खालून गॅस निघाला म्हणून घाईघाईत मशीन उचललं. जाताना त्यांचा माणूस म्हणे, "सिमेंट भरनेवाला आएगा." ह्यांना खरं वाटलं. ह्यांना सगळंच खरं वाटतं.
येताना कोणी विचारलं नव्हतं, सरकारचा कागद दाखवला होता. विचारावं लागत नाही म्हणे कायद्याने. वावर माझ्या बापाचं, सातबारा माझ्या नावाचा, आणि कागद वाचून दाखवला ह्यांना. मी आत त्यांच्यासाठी चहा करत होते.

५ डिसें.
आजपासून पाणी तोडलं. मोटारीचा फ्यूज ह्यांनी काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवला, नाहीतर आमचा गडी गणपत बैल धुवायलाही मोटार लावतो. आता संक्रांतीपर्यंत बगीचा ताणावर. संत्र्याला तहानेलं ठेवायचं, मग पाणी सोडायचं, तेव्हा कुठे आंबिया बहार फुटतो. बाबांनी घरजावयाला हे एकच नीट शिकवलं.

२७ डिसें.
पानं मुरडली, पिवळी पडून गळायला लागली. ह्यांची स्वारी खूश. जेवताना दोनदा बाबांचं नाव काढलं, "मामाजी असते त म्हणले असते, यंदा ताण बराबर बसला."

१५ जाने. १९८२
मोटार लावली. पाइपातून हवा आली. पुन्हा लावली, पुन्हा हवा. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाशी गाळ.
ही विहीर मे महिन्यातही पुरायची. महिनाभर कोणी उपसलीच नाही म्हणून कोणी डोकावलंही नाही. कशाला डोकावेल? गणपत खाली उतरला. "बाई, झरे निरा बंद हायेत." मग बांधावर जाऊन त्या भोकातला गुट्टा हलवून कान लावला. खोल कुठेतरी पाणी पडत होतं. मीही ऐकलं. आपलं पाणी आपल्याच वावरात खाली चाललेलं, आणि आपण वर उभे.
हे मोटारीवर हात ठेवून बसून राहिले. जेवायला आले नाहीत.

२ फेब्रु.
नाल्यातून बैलगाडीने ड्रम. नाल्याकडच्या दोन ओळी जगतील, बाकीच्यांपर्यंत गाडी पुरत नाही. बाबांच्या हातच्या झाडांची फांदी वाकवली तर कडकन मोडते. सिमेंटवाला अजून यायचा आहे.

१८ फेब्रु.
पंचनामा झाला. पटवारी आणि ड्रिलिंगवाल्यांच्या खात्याचे साहेब. साहेब मऊ बोलणारे, खाटेवर बसले, पाणी मागितलं. (गावातल्या विहिरीचं दिलं.) ह्यांना विचारलं, "शेवटचं पाणी कधी दिलं होतं, काका?"
झालं. बगीच्याबद्दल कोणी विचारलं की हा माणूस थांबत नाही. "डिसेंबरातच तोडलं ना साहेब, आम्हीच तोडलं. ताण देल्ल्याशिवाय बहार येत नाई. पान गयलं पायजे, झाड सुकल्यावानी दिसलं पायजे, तवा..." साहेब मान हलवत होते, पटवारी लिहीत होता.
जमीन माझी म्हणून सहीला मला बाहेर बोलावलं. मी वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. केली सही.

५ मार्च
दोघं सीताबर्डीला वकिलांकडे गेलो. वकीलसाहेबांनी (पुढे व. सा.) पंचनाम्याची नक्कल दोनदा वाचली आणि चष्मा काढला.
"बाई, झाडं तुम्ही स्वतःच वाळवली असं लिहून दिलंय तुम्ही."
हे समजवायला लागले, ताण म्हणजे काय. व. सा. म्हणाले, "मला कळतं हो. दिल्लीहून आलेल्या त्यांच्या वकिलाला कळेल का? आणि कळलं तरी तो कळून घेईल का?"
मार्ग आहेत म्हणाले. भोकं पाडताना झालेल्या नुकसानीची भरपाई कायद्यात आहे, पण तिचा अर्ज ज्यांच्याकडे करायचा त्यांनीच पंचनामा केलेला. किंवा कोर्टात दावा, पण सरकारवर लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस. आणि विहीर भोकामुळेच आटली हे आपण सिद्ध करायचं, त्यांनी नाही. मी विचारलं, भोक त्यांनी पाडलं, मग पुरावा मी काहून द्यायचा? म्हणाले, "मागणारा तो देणारा." हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.
नोटीस द्या म्हटलं.

९ जून
नोटिशीचं उत्तर. व. सा. यांनी वाचून दाखवलं. मालकाने हेतुपुरस्सर पाणी बंद ठेवल्याने झाडे मेली. त्या काळात उपसा नसल्याने विहिरीची पातळी केव्हा व कशाने उतरली हे सांगता येत नाही. भोक नियमाप्रमाणे बंद केले आहे.
नियमाप्रमाणे. लाकडाचा गुट्टा.
दावा लावला.

१० ऑगस्ट
विहिरीत पाणी आलं, पावसाचं. ह्यांना वाटलं झरे उघडले. मी म्हटलं, बादली उघड्यावर ठेवली तरी भरते. मेलेली झाडं तोडून जळण केलं. संत्र्याचं लाकूड चांगलं जळतं, हे यंदा कळलं.

२२ नोव्हें.
पुन्हा कागद. दुसरं भोक पाडायचं आहे, नाल्याकडे, जगलेल्या दोन ओळींना लागून. लाल झेंडी रोवून गेले. या वेळी चहा केला नाही.
धावत सीताबर्डी. व. सा. म्हणाले, मनाई हुकूम मागू, पण पहिल्या भोकाने नुकसान झालं असं कोर्टाला वरवर तरी दिसलं पाहिजे. कोर्टाचा माणूस डिसेंबरात येऊन विहीर पाहणार. तेव्हा मोटार रोज चालली पाहिजे, पाणी रोज उतरताना दिसलं पाहिजे. "आणि यंदा ताण देऊ नका. वाळलेलं एक पान दिसलं की ते तिकडेच बोट दाखवतील." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "साक्षीत सांगा, गेल्या वर्षीही ताण दिला नव्हता. बोलण्याच्या ओघात बोलून गेलो म्हणा."
हे उठून उभे राहिले. "ताण नाई देल्ला म्हणू? संत्र्यावाला माणूस मी. सारं गाव काय म्हणन?"
गाव काय म्हणेल. बगीचा गेला तेव्हा गाव काय म्हणालं?

२३ नोव्हें.
भांडण. मी म्हटलं, एक शब्द खोटं बोललात तर काय जाते तुमचं? खात्याने चार ओळी खोट्या लिहिल्या, त्यांचं काय गेलं?
"त्याईचं त्याईपाशी. मामाजीनं मले हेच एक शिकवलं वं. ते खोटं कसं म्हणू?"
माझ्याच बापाचं नाव माझ्यापुढे करतात. राग येतो तो यामुळे, की बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते.

५ डिसें.
आज पाणी तोडायचा दिवस. ह्यांनी फ्यूज काढायच्या आत मीच जाऊन मोटार चालू केली, आणि मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. हे आले, हात पुढे केला.
"किल्ली दे. दोन ओयी रायल्या, त्याईचाई बहार घालवतं का?"
कोर्टाचा माणूस येऊन जाईपर्यंत मिळणार नाही, म्हटलं. भोक पडलं तर बहार कुठे धरणार, दगडावर?
हात मागे घेतला. म्हणाले, "बगीचा तुया आहे." लग्नापासून आजवर हे तोंडातून निघालं नव्हतं. आज निघालं, तेही असं.

१३ डिसें.
मोटार रोज. झाडांच्या आळ्यात पाणी तुंबलंय, पानं हिरवीगार, एक फूल येणार नाही. हे तिकडे फिरकत नाहीत. ओट्यावर पाठ करून बसतात. साक्षीचं विचारलं की उठून बैलांकडे जातात.
व. सा. यांचा निरोप: कोर्टाच्या माणसाची तारीख पुढे गेली. केव्हा, ते कळवतील. झेंडी तशीच आहे.
दुपारी गणपतला घेऊन विहिरीत दोर सोडला. पाणी पुन्हा उतरलं आहे, मोटारीने ओढलं त्याहून जास्त, असं गणपतही म्हणाला. मला बरं वाटलं. बापाची विहीर आटताना पाहून मला बरं वाटलं, इथवर आणून ठेवलं या लोकांनी. घरी येऊन ह्यांना सांगितलं नाही. किल्ली कमरेला आहे.