शून्य धरणारा

शनिवार, ७ मार्च १९९८

पोचलो एकदाचा. अफाफ, ही वही तू नवऱ्याच्या पिशवीत कोंबलीस ते बरं केलंस. फोनवर तुम्ही नुसतं बरं आहे, बरं आहे करता, तिथलं सगळं लिहून ठेवा, आलात की वाचीन, असं म्हणालीस ना? घे तर मग.

रास गारिबच्या धक्क्यावरून लाँच सुटली आणि पहिल्या पाव तासातच सकाळी खाल्लेली तामियाची भजी समुद्राला देऊन टाकली. तीस वर्षं पाइपांच्या वखारीत काढली, या आखातातल्या प्रत्येक तेलाच्या रिगला माझ्या हातचा माल गेला, पण रिगवर पाय ठेवला तो आज, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. लाँचवरची माणसं फिदीफिदी हसत होती. हसू देत.

वर जिन्याच्या तोंडाशी शुक्री चहाचा पेला घेऊन उभा. चाळिशीला टेकला, दोन मुलांचा बाप झाला, तरी मला अबीह म्हणतो. थोरल्या भावाला नुसत्या नावाने हाक मारायला त्याची जीभ वळत नाही. तपासणीत रिगवरच्या डॉक्टरने दोघांना शेजारी उभं करून मोजलं. मी एक मीटर त्र्याऐंशी, तो एक एकोणसत्तर. आई नेहमी म्हणायची की धाकट्याच्या वाटणीचंही थोरल्याने खाल्लं. डॉक्टरला ते सांगितलं तर तोही हसला. शुक्री मात्र हसला नाही, नुसता माझी पिशवी उचलून चालायला लागला.

दुपारी रईस फतूह भेटला, इथला मुकादम. पाइपांच्या डेकवर त्याचा हुकूम चालतो, आवाज भोंग्यासारखा. त्याने सगळ्यांसमोर मला रॅकपाशी नेलं. पाइप थराथराने रचलेले, दोन थरांमध्ये लाकडी फळ्या, फळीच्या दोन्ही टोकांना ठोकलेल्या पाचरी. पाचर नसेल तर गोल पाइप चालायला लागतात. प्रत्येक पाचरीवर हिरवा ठिपका. तो माझा. वखारीत फळ्यांना पाचरी मी ठोकतो आणि ठिपका देतो. फतूह म्हणाला, "हा ठिपक्याचा धनी. आता मोजमाप हाच बघेल." लपवत नाही, छाती फुगली.

सोमवार, ९ मार्च

काम सोपं आहे. बोटीतून पाइप येतात, क्रेन उचलून रॅकवर ठेवते, मग प्रत्येकाची लांबी मोजायची. एकाने फितीचं शून्य पाइपच्या टोकाला धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला आकडा वाचून मोठ्याने पुकारायचा आणि मापवहीत लिहायचा. साडेनऊ मीटरच्या आसपास भरतात सगळे. त्या बेरजेवरून विहीर किती खोल गेली ते कळतं, म्हणून एक पाइप चुकला तरी फतूह आई-बाप काढतो. शून्य धरणारा काही बोलत नाही. फीत ताणली गेली की समजायचं, तो तयार आहे.

शून्य धरायला आधी बिशारा असायचा. त्याच्या रिकाम्या जागेसाठीच मला आणलंय, हे आज कळलं; शून्य आता शुक्री आणि मी आळीपाळीने धरतो. शुक्रीची त्याच्याशी तेरा वर्षांची दोस्ती. एक खोली, एक चहाचं पातेलं. बिशाराच्या ख्रिस्ती उपासात शुक्री मांस खायचा नाही आणि रोज्यात बिशारा त्याच्यासमोर पाणी प्यायचा नाही. तेरा फेब्रुवारीला क्रेन पाइपांची जुडी रॅकवर उतरवत होती. क्रेनला खुणा करायला शुक्री उभा. रॅक सुटली आणि बिशारा आत सापडला.

सगळे म्हणतात, शुक्रीने खूण लवकर केली. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण जेवताना त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. बिशाराचा चाळिसावा चोवीस तारखेला आहे, दुसऱ्या दिवशी कैरोहून चौकशीची माणसं येणार. शवपेटीसाठी माप शुक्रीनेच घेतलं, याच फितीने. एक मीटर चौऱ्याहत्तर. हे सांगताना तो माझ्याकडे नव्हे, पेल्याकडे बघत होता. मी त्याला लहानाचा मोठा केला, असा कधी पाहिला नव्हता.

बुधवार, ११ मार्च

कशी सुरुवात करू?

रॅकखाली झाडताना एक पाचर सापडली. हिरवा ठिपका. कड चेचलेली आणि पाचरीत भोक एकच.

मी दोन खिळे ठोकतो, अफाफ. तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला तेच शिकवलं. एक खिळा असला की पाचर त्याच्याभोवती फिरते, दोन असले की जागची हलत नाही. पण रोजे संपतानाच्या धाकट्या ईदच्या आदल्या दिवशी खिळे संपले. कोठीवाला कुलूप लावून गावी गेलेला, ट्रकवाला बाहेर हॉर्न वाजवतोय, तू कपडे घ्यायला ये म्हणून दोनदा निरोप धाडलेला. शेवटच्या बारा पाचरींना मी एकेकच ठोकला. म्हटलं, चालतंय. ठिपका मात्र बाराही पाचरींना दिला.

शुक्रीची खूण चुकली नव्हती. पाचर फिरली.

पाचर खिशात घालून कठड्याशी गेलो. आधी वाटलं, फतूहकडे न्यावी. मग समुद्रात टाकली.

गुरुवार, १२ मार्च

आज एकशे बारा पाइप मोजले. संध्याकाळी बेरीज करायला बसलो तर वहीत एकशे तेरा ओळी. शेवटची माझ्याच अक्षरात: १.७४.

शुक्रीला विचारलं, आपण किती मोजले? एकशे बारा, तो म्हणाला. मी ओळ खोडली. दमलो असेन. या वयात भरदुपारी लोखंडावर चालायचं म्हणजे काय गंमत आहे?

पाचर रॅकवर होती. जिथे शून्य धरतात, तिथेच. ओली.

रविवार, १५ मार्च

पुन्हा टाकली, पुन्हा आली. तीन दिवसांत तीनदा.

बाकीच्या अकरा शोधून काढल्या. फतूह नमाजाला गेला की हातोडी घेऊन जातो. सात पाचरींना दुसरा खिळा मारला. उरलेल्या चार खालून दुसऱ्या थरात आहेत, त्यांच्यावर पाच थर पाइप. हात पोचत नाही. वरचे सगळे थर क्रेनने उतरवावे लागतील आणि फतूह विचारेल, का? मग सांगावं लागेल.

आठ-दहा दिवसांत हे पाइप विहिरीत जातील. मग प्रश्नच मिटला.

आज दुपारी शुक्री पाणी प्यायला गेला होता. मी फीत जमिनीवर ठेवायला गेलो तर ती सैल पडेना. पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं. ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली गेलेली, लपायला जागा नाही, साडेनऊ मीटर मोकळं लोखंड — आणि फीत ताणलेली. कोणीतरी तयार होऊन थांबलंय, मी आकडा पुकारायची वाट बघत.

मी फीत सोडून दिली. ती सर्रकन पलीकडे ओढली गेली.

बुधवार, १८ मार्च

शुक्री आज स्वतःहून बोलायला बसला. म्हणाला, "अबीह, मला ते आठवतच नाही रे. बिशारा बाहेर आला असं वाटलं, मग हात केला. पण सगळेच म्हणतात म्हणजे मीच लवकर केला असणार. तू पाइपांतला जाणता माणूस. तूच सांग, माझ्या हातून झालं का हे?"

एक वाक्य पुरलं असतं. नाही रे बाळा, माझ्या हातून झालं.

मी म्हणालो, झालं ते झालं, किती मनाला लावून घेशील.

त्याने मान हलवली. त्याचं उत्तर त्याला मिळालं. मग माझ्यासाठी चहा करायला उठला. दोन चमचे साखर, मला लागते तशी. लाज वाटते, अफाफ. तो चहा मी प्यायलो.

शनिवार, २१ मार्च

आज सांगायचंच ठरवलं. फतूहच्या दारापर्यंत गेलो. आत चार जण बसलेले. मला बघून तो म्हणाला, "ये वहीद उस्ताद, तुझंच नाव निघालं होतं. कैरोवाल्यांना मी लिहून दिलंय, पाचरींवर बोट ठेवायला जागा नाही, वहीदच्या हातच्या आहेत त्या. सामानात दोष नाही, चूक माणसाची."

चौघांनी माना डोलावल्या. तीस वर्षांचं नाव आहे, दुसरं काय कमावलं मी? म्हणालो, खिळे मागायला आलो होतो.

फतूहने खिळ्यांचा अख्खा डबा दिला.

सोमवार, २३ मार्च

पंच्याऐंशी पाइप. शहाऐंशी ओळी.

शेवटची १.६९.

खोडली. शाई वाळली तरी खालून दिसते. पान फाडलं. पुढच्या पानावर तीच ओळ.

शुक्रीला म्हणालो, उद्या पोटात दुखतंय सांग, झोपून राहा. असंच, माझ्यासाठी. तो या दिवसांत पहिल्यांदा हसला. अबीह, तू मला शाळा बुडवायला शिकवतोयस? उद्या बिशाराचा चाळिसावा, उद्या दिवसभर शून्य मीच धरणार, त्याच्या जागी. त्याच्या आईला फोनवर शब्द दिलाय.

पाच थर होते, आता तीन उरलेत. हात अजून पोचत नाही.

सकाळी सांगेन. काम सुरू व्हायच्या आधी. नक्की.

मंगळवार, २४ मार्च

नाश्त्याला फतूहशेजारी बसलो. तोंड उघडलं. त्याने मीठ पुढे केलं —

साडेअकराला क्रेनने वरचा पाइप उचलला. खालची रांग सरकली. मी फितीच्या या टोकाला होतो. शुक्री शून्यापाशी, खाली वाकलेला. मी ओरडलो. आवाजात काहीच ऐकू गेलं नाही.

त्या चारांतली एक पाचर फुटून चार पाइपांबरोबर समुद्रात गेली.

त्याचा हात बाहेर होता. फीत मुठीत —

त्याला पेटीत घालून किनाऱ्यावर नेणार. माप कोण घेईल, फतूहने विचारलं. मी घेतलं. डोक्यापाशी आकडा वाचला. पायापाशी शून्य कोणी धरलं होतं, ते बघितलं नाही.

बुधवार, २५ मार्च, सकाळ

सांगितलं. फतूहला, कैरोच्या दोघांना, सगळ्यांसमोर. ईद, खिळे, बारा पाचरी, सगळं. रडत सांगितलं.

कोणी विश्वास ठेवला नाही.

फतूहने मला मिठी मारली. म्हणाला, भावाचं नाव राखायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतोयस, असा भाऊ सगळ्यांना मिळो. कैरोचा माणूस हळूच म्हणाला, यांना पाणी द्या. कागदावर काय लिहिलं ते मी पाहिलं. दोन्ही अपघात शुक्रीच्या हलगर्जीमुळे. दोन्ही. स्वतःच्या मरणाचा दोषही त्याच्याच माथी.

पुरावा दाखवा म्हणाले. कठड्याशी जाऊन तासभर उभा राहिलो. इतक्यांदा परत आली होती. आज आली नाही.

बुधवार, दुपार

अफाफ, तीन पाचरी अजून आहेत. रॅकच्या पोटात, एकेका खिळ्याच्या. एक काढून आणली, एक भोक दाखवलं की झालं. शुक्रीचं नाव धुऊन निघेल. त्याच्या मुलांना कोणी काही बोलणार नाही.

सगळे लाँचपाशी आहेत, त्याला निरोप देताहेत. मी इथे. आत शिरायला जागा आहे, आडवा झालो की खांद्यापर्यंत हात जातो. वही इथे बाहेर, टोपीखाली ठेवीन. माझं काही झालं तर ११ तारखेचं पान आधी वाचायला दे त्यांना.

आत जाऊन बघितलं, बोटं लागली. पाचर फिरतेय, सहज —

वही घ्यायला बाहेर आलो होतो, आता ती हातात घेऊन पुन्हा आत आडवा. फीत रॅकवर ताणलेली आहे. माझ्या पायांपासून.

शुक्री पुकारतोय. तोच आवाज, लिही अबीह, म्हणतोय, रागावलेला नाही गं तो, अफाफ, अजिबात नाही — लिहितो. पाचर काढतो आणि लिहितो. एक मीटर त्र्या