दहा मिनिटांचा फेस

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. इथलं सगळं ठीक, असं लिहिणार होतो. पण शेपट्याच्या अंगावर गोचीड झालेत. काल घरमालकांच्या नातीच्या मोज्यावर एक सापडला. मालक दारातूनच म्हणाले, बाइंडरसाहेब, तुमच्याबद्दल तक्रार नाही, पण महिनाअखेर हे गेले नाहीत तर कुत्रा इथे राहणार नाही.

तू तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतीस, म्हणून विचारतो. दुकानात शाम्पूच्या तीन बाटल्या पाहिल्या. एक गुलाबाच्या वासाची, एकीवर पाल्याचं चित्र, एकीवर लाल अक्षरांत बारीक मजकूर. चष्मा नव्हता. तिन्ही फळीवर ठेवून परत आलो. ही गेल्यापासून, रिकाम्या हाताने का आलात म्हणून विचारणारं घरात कुणी नाही.

तुझा,
धाकला

७ मार्च

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, शाम्पू घ्यायला गेला होतास की मुलगी बघायला? गुलाबाच्या वासाने गोचीड मरत नाहीत, नटतात. लाल अक्षरांची घे; पण आधी डॉक्टरांना दाखव, शेपट्याचं वय आणि वजन सांग. फेस मानेपासून सुरू कर, डोळे सांभाळ. त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढ, भिंतीच्या फटी बुजव. आणि मुख्य म्हणजे फेस दहा मिनिटं अंगावर राहू दे. सगळा खेळ त्या दहा मिनिटांचा.

वेळेवर जेवतोस का? मागच्या तीन पत्रांत हे टाळलंस.

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी लाल अक्षरांचीच बाटली बरोबर म्हटली, आठवड्याला एक आंघोळ सांगितली. दोन झाल्या. आज कानामागे पुन्हा सात निघाले.

दहा मिनिटांत मी कसूर करत नाही. हातांना फेस, म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतो. भिंतीवरचं बंद आहे. पण आपल्या प्रार्थनेला दहा मिनिटं लागतात, हे या घराला पाठ आहे. ही दूध मंद आचेवर ठेवून प्रार्थनेला बसायची, संपली की उतरवायची. मीही तसंच करतो. हल्ली दूध नासतं, पण तो दोष गवळ्याचा. तर शेपट्याजवळ बसून प्रार्थना म्हणतो आणि शेवटची ओळ झाली की पाणी ओततो.

दुसरी बाटली आणू का? मालकांनी लांबच्या एका शेताचा पत्ता दिलाय, कुत्रा सोडायला. कागद घडी करून ठेवलाय. उघडला नाही.

तुझा,
धाकला

२२ मार्च

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद.

बाटली बदलू नकोस. तुझं पत्र वाचून मी घड्याळ समोर ठेवून प्रार्थना म्हणून पाहिली. सव्वापाच मिनिटं लागली. मग आठवलं. तुमच्याकडे राहिले होते तेव्हा तुम्ही दोघं म्हणायचात. आधी ती एक ओळ, मागून तीच ओळ तू.

ती दहा मिनिटं दोघांची होती रे.

हे लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात सेल घाल.

तुझी,
ताई

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सेल घातला. तरी फेस लावून झाल्यावर प्रार्थनाच म्हटली. या वेळी प्रत्येक ओळीआधी तिच्या ओळीची जागा सोडली. तेवढा वेळ गप्प राहायचं, मग आपली ओळ म्हणायची. पहिल्या काही जागा फार लांब वाटल्या. मग पाहिलं, तर त्या जागेत शेपट्या दरवेळी मान वळवून आतल्या दाराकडे बघत होता. फेसात बसून, न हलता. शेवटची ओळ झाली तेव्हा भिंतीवर दहा मिनिटं होऊन गेली होती.

आज मालक चष्मा लावून आले. कान, पोट, पंजे, सगळं तपासलं. एकही नाही. त्यांनी पत्त्याचा कागद परत मागितला. मी घडीसकट दिला.

आता रोज संध्याकाळी तशीच म्हणतो. दूध नासायचं थांबलं. गवळ्याला उगाच बोललो होतो, त्याची माफी मागितली. जेवतो. अजून वेळेवर नाही.

लोभ आहेच, थोडा वाढव. आता मला तो जास्त लागतो.

तुझा,
धाकला