सफेद्याखालची राणी

रत्नागिरी, ८ नोव्हेंबर १९३४

दिग्दर्शक दाभोळकरसाहेबांस हलिमाचा सलाम.

इथल्या तंबूत लागलेले माझे दोन्ही बोलपट माझ्या खालाला, आईच्या बहिणीला, दाखवले. राक्षसिणीच्या वेषात मला पाहताच ती म्हणाली, "ही तर आपली हलिमा." राणीच्या बोलपटात मात्र शेवटपर्यंत विचारत राहिली, "तू कधी येणार गो?" राणीच्या तोंडावर तुम्ही बोटभर सफेदा थापला होता.

आम्ही सिद्दी. हा रंग आमच्या वाडवडिलांनी आफ्रिकेतून आणला, तो मी पुसणार नाही. पुढच्या बोलपटात राणी मीच होईन, माझ्याच रंगाची. जमत नसेल तर राक्षसिणीसाठीही दुसरी नटी शोधा.

हे पत्र टपालात टाकत नाही. सोमवारच्या बोटीने ते घेऊन मीच येते, तोंड धुऊन.

हलिमा सिद्दी,
जाहिरातीतली तुमची चंद्रप्रभा