अर्ध्यावरची शिफारस

कोथरूड, पुणे
गौरी-गणपती उरकल्यानंतरची पहिली मोकळी दुपार

ती. सौ. इंदुवन्सं यांना जयाचा गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढा वाकून नमस्कार.

अकोल्याला सगळे खुशाल ना? तुमची कंबर आता कशी आहे? तुमच्या यजमानांची साखर काबूत आली का? (आली नसली तर त्यावरचं एक पुस्तक माझ्याकडे आहे, त्याची हकिकत पुढे येईलच.) तुम्ही पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही ही टपालखात्याची कृपा आणि लोणचं उरलं नाही ही तुमच्या बंधुराजांची. आता फोन इतका स्वस्त झाला असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मी फोनवर बोलत असले की तुमचे बंधुराज शेजारी कान टवकारून बसतात आणि मधेच 'असं नाही झालं' म्हणतात. ही हकिकत मला कोणी मधे न बोलता सांगायची आहे. कारण वन्सं, मी जिंकले! आता सविस्तर.

उन्हाळ्यात तुम्ही इथे आलात, आमच्या पुस्तकांच्या दुकानात दुपारभर बसलात आणि जाताना भावाला सांगून गेलात की आता हे पुरे झालं, दसऱ्याला दुकान त्या मोबाइलच्या रिचार्जवाल्याला भाड्याने देऊन टाक. तुमचं चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. त्या दुपारी एकच गिऱ्हाईक आलं होतं आणि त्यानेही सुट्टे मागितले होते. पोरं हिंजवडीच्या कंपन्यांत लागली, हातात पैसा खुळखुळायला लागला, पण तो जातो मॉलमधल्या थंडगार दुकानात. तिथे म्हणे पुस्तक चाळता चाळता कॉफी मिळते. आमच्याकडे कोणी पुस्तक चाळलं तर तुमचे बंधुराज चष्म्यावरून बघतात. तरी शेवटचा उपाय म्हणून यांनी मॉलसारखंच एक फडताळ सजवलं. वर पाटी, 'आमची शिफारस'. त्यात नव्या कादंबऱ्या, नवी माहितीची पुस्तकं आणि प्रत्येकाखाली यांच्या अक्षरातली चिठ्ठी. एकीवर 'वाचनीय'. दुसरीवरही 'वाचनीय'. जी कादंबरी वाचताना हे आमटीत मीठ नाही हेसुद्धा विसरले होते, तिच्यावर 'बरी आहे'. (मला बघून घरी गेल्यावरही यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं ना? म्हणजे ही यांची सगळ्यात वरची स्तुती.) एक पुस्तक जागचं हललं नाही. आणखी एक चिठ्ठी लावताना हेच स्टुलावरून खाली आले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

आलिया भोगासी म्हणून मी गल्ल्यावर बसले. आता तुम्हाला घरातली एक गोष्ट सांगते. विक्रीचं कोरं पुस्तक घरच्या माणसाने अर्ध्यापर्यंतच वाचायचं, असा तुमच्या बंधुराजांचा नियम आहे. अर्ध्याच्या पुढे गेलं की पुस्तक सताड उघडतं, पाठीला घडी पडते आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'हे वापरलेलं दिसतंय.' तेवढं अर्धंही हात साबणाने धुऊन, पुस्तक जेमतेम फाकवून वाचायचं. मधल्या पानावर यांनी कागदाची पट्टी घातलेली असते. पट्टी आली की वाचन बंद. (स्वतः शेवटपर्यंत वाचतात. दुकानदाराला माल माहीत हवा म्हणे!) त्यामुळे लग्न झाल्यापासून मी शेकड्याने पुस्तकं वाचली आणि एकही संपवलं नाही. कोण कोणाच्या प्रेमात पडलं ते मला तोंडपाठ आहे, लग्न कोणाचं कोणाशी लागलं ते ठाऊक नाही. खून सगळे माहीत आहेत, पण माझ्यापुरते खुनी अजून मोकाट फिरताहेत. बरं, तक्रार करावी तर हे म्हणायचे, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं मी खूप पाहिली.

तर पहिल्या दिवशी समोरच्या सोसायटीतल्या वेणूबाई रिक्षा मिळेना म्हणून सावलीला दुकानात आल्या आणि उगाच विचारायचं म्हणून विचारलं, ही निळ्या कव्हरची कादंबरी कशी आहे? आता मला 'वाचनीय' म्हणता येत नाही. मी सांगत सुटले. सोलापूरकडच्या एका घरातली थोरली सून वर्षानुवर्षं एका खोलीला कुलूप घालून किल्ली गळ्यात बांधून फिरते. सासू विचारून थकते, नवरा मारून थकतो, पण ती दाद देत नाही. मग नवरा वारतो, धाकटा दीर दुबईहून येतो आणि तेराव्याला सगळ्यांसमक्ष किल्ली मागतो. ही गळ्यातली किल्ली काढते, कुलूप उघडते, दार ढकलते. दीर आत डोकावतो आणि मटकन खालीच बसतो. इथे मी थांबले. वेणूबाई म्हणाल्या, मग? मी म्हटलं, मग मला माहीत नाही. त्यांना वाटलं मी भाव खातेय. अहो, मी देवाशप्पथ खरं बोलत होते! त्या रागारागाने कादंबरी विकत घेऊन गेल्या (रिक्षा दोनदा येऊन गेली) आणि दुसऱ्या दिवशी आपल्या भिशीतल्या सगळ्या बायकांना घेऊन आल्या. शेवट काय ते त्या कोणाला सांगेनात. आपण पैसे मोजलेत, इतरांनी का फुकट ऐकावं, हा अस्सल पुणेरी विचार माझ्या पथ्यावर पडला.

माहितीच्या पुस्तकांचंही तेच. साखरेच्या आजारावरच्या नव्या पुस्तकात पहिल्या अर्ध्यात काय खायचं नाही ते आहे. ते मी निवृत्त इंजिनिअर बाबुरावांना नीट समजावून सांगितलं. भात नाही, बटाटा नाही, आंबा तर बघायचाही नाही. बाबुराव लालबुंद झाले. मग माणसाने खायचं तरी काय, म्हणून माझ्यावरच ओरडले. मी म्हटलं, ते पुढच्या भागात असेल. त्यांनी पुस्तक तिथल्या तिथे घेतलं आणि सकाळी फिरायला येणाऱ्या समदुःखी मंडळींनाही माझ्याकडे पाठवून दिलं. मग तुमच्या भाचीच्या, उत्कर्षाच्या ऑफिसातला अभिनव आला. त्याला मी नोकरीत कसं वागावं त्याचं पुस्तक सांगितलं. अर्ध्यापर्यंत त्यात साहेबाला ठणकावून 'नाही' कसं म्हणायचं ते आहे. नोकरी कशी टिकवायची ते बहुधा नंतर असावं. पण या पठ्ठ्याने पुस्तक न उघडता, नुसत्या माझ्या सांगण्यावर, दुसऱ्या दिवशी साहेबाला रविवारी येणार नाही म्हणून सांगितलं! साहेब इतका गांगरला की त्याने सगळ्या टीमलाच सुट्टी दिली. त्या शनिवारी कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि 'काकू, यू आर टू गुड' करत पोरापोरींची ही झुंबड! मॉलमधली कॉफी गेली खड्ड्यात.

एवढ्यात यांचं प्लास्टर उतरलं आणि हे काठी टेकत घरातून खाली दुकानात आले. मी एका बाईंना खुनाची गोष्ट सांगत होते. ऐन पट्टीपाशी आले, तोच मागून यांचा कोरडा आवाज, 'खून मुनिमाने केला.' बाईंनी पुस्तक जागेवर ठेवलं आणि चालत्या झाल्या. इतक्या वर्षांत एक शेवट कळला, तोही असा! मी यांना आत नेऊन सांगितलं, पायाचं उतरलंय, पण तोंडाला घालावं लागेल. (तुम्ही असायला हव्या होतात!)

आणि वन्सं, मग तो दिवस आला. रिचार्जवाला मच्छिंद्र, तोच हिंजवडीकडची जमीन विकून दुकानांची रांग लावणारा, काचेचं काउंटर कुठे बसेल ते मोजायला टेप घेऊन आला. पण मोजणार कसं? गर्दी हलेना. मी त्या कुलूपबंद खोलीपाशी आलेली. बिचारा टेप हातात धरून ऐकत उभा राहिला. दीर मटकन बसला, मी थांबले, तसा तो यांच्याकडे वळला. 'सायेब, तुमी तर समदं वाचलं आसंल. काय हाय त्या खोलीत?' या माणसाने जन्मात कुठला शेवट पोटात ठेवलेला नाही. यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटलं. आणि म्हणाले, 'माहीत नाही. घेऊन वाचा.' वन्सं, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मच्छिंद्रने टेप गुंडाळून खिशात घातली आणि कादंबरी घेऊन गेला.

असा सगळा आनंद आहे. तुमच्या यजमानांना नमस्कार, नातवंडांना पापे. कंबरेला शेक देत जा, आणि शेकताना वाचायला म्हणून ते साखरेचं पुस्तक वेगळ्या पार्सलने धाडते आहे.

आपली भावजय,
जया

ता. क. एक बारीकसं राहिलं. मच्छिंद्र गेला खरा, पण यांनी त्याला अजून स्पष्ट नकार दिलेला नाही. म्हणतात, ताईने बंद कर म्हटलंय, ताईचा शब्द मी मोडत नाही. मी सगळं कोथरूड जिंकलं, पण घोडं अकोल्याला अडलंय. दसऱ्याच्या आत यांना एक ओळ लिहाल का? 'दुकान चालू ठेव' एवढंच. तुमच्या पाया पडते.

आणखी एक. परवा यांनी त्या निळ्या कादंबरीची एक प्रत माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर शाईने 'सौ. जयास' लिहिलं होतं, म्हणजे ती आता विकता येत नाही. मी दुकानाला कडी लावून, पाठीला चांगली घडी पाडून, पट्टीच्या पुढे गेले आणि शेवटापर्यंत पोचले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेवट मात्र अगदीच पुचाट आहे. भिशीतल्या बायका गप्प का, तेही कळलं. त्यापेक्षा त्या खोलीत काय असावं हे मी मनाशी योजलेलं किती तरी सरस आहे. ते अजून कोणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. तुम्हाला सांगेन. पण तुमची ती एक ओळ हातात पडल्यावर. तोवर तुमच्यापुरता गोष्टीतला तो दीर उंबऱ्यावर मटकन बसलेला आहे असं समजा.