घर इरिनीचं, क्षमा डॉक्टरची

मी, बहिया हबीब, दिवंगत लमई सुतार यांची पत्नी, वय ७९, राहणार मल्लवी, मिन्या प्रांत, डोळे अधू पण डोकं शाबूत असताना लिहून ठेवते की, हे मृत्युपत्र मी कुणाच्या धाकाने किंवा रागाच्या भरात करत नाही. राग आहे, भर कधीच ओसरला.

कलम १. मला एकच मुलगा, अयाद. लमई गेले तेव्हा तो चार वर्षांचा. दीर म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाला घर कशाला? पोरगं आमच्याकडे ठेव आणि माहेरी जा." मी आतून कडी घातली आणि चर्चच्या पाद्र्यांच्या झग्यांवर क्रूस भरायला बसले. एकतीस वर्षं भरले. त्यावर अयाद डॉक्टर झाला.

कलम २. ईस्टरला बिस्किटं भाजून मी कैरोला त्याच्या घरी गेले. पाहुण्यांनी विचारलं, "या कोण?" डॉक्टर म्हणाले, "गावाकडच्या बाई. शिवणकाम करतात." मी टोपली ठेवून आल्या पावली परतले. सदर इसमाने नंतर फोन केला, तो बिस्किटं चांगली झाली होती हे सांगायला.

कलम ३. त्याची मुलगी इरिनी. तिला ऐकू येत नाही हे कळल्यावर, "उन्हाळ्यापुरती ठेव, आई," म्हणून माझ्याकडे सोडली. तो उन्हाळा तेवीस वर्षं चालला आहे. मी तिला भरतकाम शिकवलं, प्रार्थना हातांनी शिकवली. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "बहिया, उपासनेत हात काय नाचवतेस?" मी म्हणायचे, "देवाला दिसतं ना? मग झालं."

कलम ४. गेल्या महिन्यात डॉक्टर आले. खुर्ची रुमालाने पुसून बसले. "आई, घर विकून टाकू. तुझी आणि तिची आश्रमात सोय करतो." इरिनी चहा ओतत होती. तिने त्याचे ओठ वाचले, किटली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी घराचं खरेदीखत तिच्या नावे नोंदवलं. त्यामुळे घर या मृत्युपत्रात नाहीच. वाटणी मागायला येणाऱ्याने भिंती बघून जावं.

कलम ५. शिवणयंत्र, कात्र्या, जरीची रिळं इरिनीला. अयादला माझी क्षमा. पाद्री अबूना बसादांच्या सांगण्यावरून ती मी गुडघे टेकून तीनदा दिली. टिकत नाही, पुन्हा द्यावी लागते. त्याला दुसरं काही नाही.

कलम ६. माझ्या मयतीला सांत्वन घ्यायला इरिनी एकटी उभी राहील. ज्याला बोलायचंय त्याने हातांनी बोलावं. येत नसेल तर मी जिवंत आहे तोवर येऊन शिकावं. डॉक्टरांना तिच्या भाषेतली एकच खूण येते, चारचौघांत करायची: "आत जा." ती त्यांनी त्या दिवशी केली, तर इरिनी, तुझ्या आजीचं शेवटचं सांगणं ऐक: जायचं नाही.

लिहून देणार: बहिया हबीब (सही)
साक्षीदार: १. अबूना बसादा (सही) २. शेजारीण नफूसा अब्दुल आल (अंगठा)
मल्लवी, १४ ऑक्टोबर २०१९