मामांचे सहा इंजेक्टर

बिदिया,
९ जानेवारी

प्रिय मामा,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळे बरे आहेत. थंडीत आईचा गुडघा कुरकुरतो, पण ऊन चढलं की तीच आम्हा सगळ्यांना पळवते. तुम्ही सूरहून पाठवलेली सुकी मुशी पोचली. बाबांनी भातावर घेऊन ती संपवलीसुद्धा. मामींना आणि मुलींना माझा सलाम सांगा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन मजलिसमध्ये, बसल्या पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजात वाजतो आणि आमच्या घरचं बोलणं सगळं गाव ऐकतं, हे एक कारण. शिवाय बाबांनीच लिहायला सांगितलंय. "तू शिकलेली, तू लिही. आभार नीट सजवून मान. गाडी उडते म्हण."

तर मामा, मनापासून आभार. मुहन्नाच्या साखरपुड्यात तुम्ही ते सहा इंजेक्टर आपल्या भाच्याच्या ओंजळीत ठेवलेत, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. याच इंजेक्टरांवर तुम्ही वाळूची मोठी टेकडी चढून गेला होतात, ही गोष्ट बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की या हिवाळ्यात त्या टेकडीच्या चढाईला मुहन्नाच्या गाडीत हेच असतील आणि तुम्ही पहिल्या रांगेत असाल. मुहन्नाने ते बसवलेत. अंगणात इंजिन अगदी गोड चालतं.

एक विचारायचं होतं. तुमच्या वेळी गाडीला सुपरचार्जर नव्हता ना? तेव्हा इंजिन आपल्यापुरती हवा ओढून घ्यायचं. आता हा सुपरचार्जर त्याच्या घशात हवा कोंबतो. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, आणि तो फिरवण्यात इंजिनची जी ताकद जाते तिच्यासाठी आणखी थोडं. मी कागदावर मांडून पाहिलं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर सतत उघडतो नि मिटतो. पूर्ण जोरातसुद्धा त्याला मिटायला थोडी सवड हवी, म्हणून पाचातले चारच हिस्से वेळ उघडा राहील असा निवडायचा असतो. तुमचे त्या वेळच्या इंजिनला अगदी बरोबर होते. आता त्यांच्यावर जरा ओझं येईल, इतकंच.

तुमची जुनी गाडी पुन्हा चालू करायची म्हणत होतात. तिला हेच लागतील ना? तुम्ही परत मागितलेत तर आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही. आईलाही नाही. म्हणजे आईला थोडं वाटेल.

बाकी सगळं ठीक. मासळीच्या गाडीवरचा खमीस सूरला निघतोय, त्याच्याकडेच पत्र देते.

तुमची लाडकी,
रय्या


बिदिया,
१७ जानेवारी

मामा,

अस्सलामु अलैकुम. तुमचा निरोप परवा फोनवर आला. "रय्याचं अक्षर काय सुंदर आहे! आणि मुहन्नाला सांगा, पाय उचलायचा नाही!" मागे तुमची सगळी मजलिस हसत होती. आई खूश. बाबांनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाजवला.

म्हणजे मी पत्र फारच छान सजवलं होतं. आता साधं लिहिते.

तुमचे इंजेक्टर या इंजिनला लहान पडतात. ते पूर्ण वेळ उघडे राहिले तरी पेट्रोल पुरत नाही. कागदावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून मी मुहन्नाबरोबर छोट्या टेकडीवर गेले. धुराच्या नळीला मी काटा लावला होता, पेट्रोल कमी पडतंय का ते दाखवणारा. अर्ध्या जोरापर्यंत सगळं ठीक. त्याने आणखी दाबलं तसा काटा सरकत गेला आणि इंजिनातून खडखड यायला लागली, डब्यात खडे हलवावेत तशी. मी ओरडले. त्याने पाय उचलला. खाली आल्यावर त्याने इंजिन बंद केलं.

"रय्या, तू काही ऐकलं नाहीस."

"तू ऐकलंस ना?"

"मामांची वस्तू आहे. मीही नाही ऐकलं."

मोठ्या टेकडीवर पाय उचलायला जागा नसते, हे मी तुम्हाला काय सांगणार? पिस्टन वितळेल, माथ्याजवळ इंजिन मरेल आणि गाडी आडवी होऊन गडगडत खाली येईल. मागच्या हिवाळ्यात अशाच गडगडलेल्या गाडीतल्या त्या पोराला काचेतून तुम्हीच ओढून काढलंत. मुहन्नाही तिथेच उभा होता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या भावानं काही दिलं की या घरात गणितं निघतात. तुझ्या काकांनी बकरी दिली, तेव्हा कुणी तिला तोलायला गेलं नव्हतं!" मला आधी हसू आलं, मग रडू. बाबा म्हणाले, "शब्द मी दिलाय. तो मोडणारी तू कोण?" मुहन्ना म्हणाला, "गुपचूप दुसरे बसव, मामांना सांगू तुमचेच आहेत." पण तुम्ही बॉनेट उघडायला लावाल, कौतुकाने त्यांच्यावरून हात फिरवाल, आणि मला शेजारी उभं राहून हसावं लागेल. ते मला जमणार नाही.

गणित तासाभरात झालं होतं. बाकी सगळे दिवस गोड बोलण्यात गेले. प्रत्येकाचा मान जपत, आवाज न करता घरात वावरायचं, मी फार दमले आहे, मामा. यासाठी का शिकले, असं अधूनमधून वाटतं. मग ती खडखड आठवते, आणि वाटतं, यासाठीच शिकले असेन.

नवे इंजेक्टर मी निवडून आणून ठेवले होते. सगळ्यांत मोठे घेतले नाहीत. फार मोठे असले तर गाडी उभी असताना जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या आतलं तेल धुऊन नेतं. आज दुपारी मी ते बसवले. मुहन्ना गॅरेजच्या दारात उभा होता. त्याने मला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "रबरी रिंगा बघितल्यास?"

बघितल्या होत्या.

तुमचे सहा स्वच्छ करून खमीसकडे देते आहे, या पत्राबरोबर. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. येत्या शुक्रवारी चढाईला आल्यावर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "माझे मीच मागवून घेतले," तर त्यांचा शब्द राहील. तसं म्हणायला तुमचं मन घेत नसेल, तर "रय्याने परत केले" असं सांगा. नाव माझंच घ्या, मुहन्नाचं नको. त्याचं लग्न व्हायचं आहे. तुम्ही काहीही म्हणालात तरी गाडीत नवेच असतील.

बाबा मला कॉलेजला पाठवायला तयार नव्हते, तेव्हा तुम्ही आमच्या घरी येऊन बसलात आणि समोरच्या कॉफीला हात लावला नाहीत. "आधी हो म्हण, मग पितो." मी पडद्याआड उभी होते. कॉफी निवत गेली, आणि बाबा हो म्हणाले.

शुक्रवारी कॉफी घेऊन मीच तुमच्यासमोर येईन. प्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची भेट परत करणारी,
तुमच्याच बहिणीची
रय्या